शेताचे विरजण



वेदगंगेकाठच्या काळ्या रानात ऊस तुटून गेला, की सायंकाळी ठिकठिकाणी पाचटाचे जाळ दिसू लागतात. निपाणी-संकेश्वर भागातील हा जुना परिपाठ होय. त्याच रानाच्या कोपऱ्यात अलीकडे एखादे पिंप गोणपाटाने झाकून ठेवलेले आढळते. त्यात जीवामृत मुरत असते. एकाच शेतात आग व अमृत दोन्ही नांदावीत, यातील विसंगती सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

जीवामृताची कृती विदर्भातील श्री. सुभाष पाळेकर यांनी गावोगाव पोहोचविली. २०१६ साली त्यांना पद्मश्री लाभली. दोनशे लिटर पाणी, दहा किलो ताजे शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती, एवढीच सामग्री. बांधाला नांगर लागत नाही, तेथे औषधही फारसे पडत नाही. म्हणून तेथील सूक्ष्म जीव टिकून असतात. गुळासाठी या मुलखात दूर जाणे नको; फक्त तो काळसर, रसायनाने उजळविलेला नसावा. पिंप सावलीत ठेवून सकाळ-सायंकाळ काठीने ढवळावे. दोन दिवसांत मिश्रण आंबते. सडका दर्प सुटल्यास हवा कमी पडली असे समजावे व ते पिकास देऊ नये. एकरी एक पिंप पाटाच्या पाण्याबरोबर सोडावे आणि आठवड्याच्या आत संपवावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबिरीवर वा मेथीवर मात्र ते कदापि फवारू नये. ताज्या शेणातील रोगजंतू पानांवर राहतात.

आता हिशेब. या पिंपातील सर्व पदार्थांचे मिळून नत्र जेमतेम पाव किलो भरते. उसाला एकरी शंभर किलोच्या आसपास नत्र लागते. तेव्हा जीवामृत हे खत नव्हे, विरजण होय. स्वतः पाळेकरांचे प्रतिपादनही याच आशयाचे आहे. पण विरजणाला आधी दूध हवे! रानाचे दूध म्हणजे पाचट, पालापाचोळा, उकिरड्यातील कुजलेले खत. एकरभर उसाचे पाचट तीन-चार टन निघते. त्यात दहा-पंधरा किलो नत्र असते, आणि काडी लावताच त्याचा बहुतेक भाग धुरावाटे निघून जातो. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे शेतातील टाकाऊ वस्तूंपासूनच कंपोस्ट सिद्ध करून दाखविले होते.

शेतकरी पाचट जाळतो ते केवळ अज्ञानाने नव्हे. पाणी अडते, उंदीर माजतात, मजूर मिळत नाहीत. यावर मध्यम मार्ग असा, की एकाआड एक सरीत पाचट दाबावे, मोकळ्या सरीतून पाणी द्यावे, आणि दाबलेल्या पाचटावर ओल असताना जीवामृत शिंपडावे. पाचट कुजताना जमिनीतील नत्र ओढून घेते, त्यामुळे आरंभी खोडवा पिवळा पडतो. अशा वेळी पाचटावर थोडा युरिया टाकावा लागला, तर त्यात पाप नाही.

ज्यांचा विश्वास बसत नसेल त्यांनी यंदा दहा गुंठ्यांतील पाचट न जाळता ठेवावे, आणि पुढील पावसाळ्यात जाळलेल्या व न जाळलेल्या रानात प्रत्येकी एक हात चौरस माती उकरून गांडुळे मोजावीत.