रात्रीचे जेवण : दोघांपुरते आणि हलके

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी भरलेल्या देणगीदार व रुग्ण-कुटुंबीय मेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



वार्षिक समारंभात प्रशासकाने उभे राहावे ते खाटांची संख्या आणि जमाखर्चाचे आकडे सांगण्यासाठी, असा संकेत आहे. ते सर्व लेखापरीक्षकांच्या सहीनिशी आपणापर्यंत पोहोचेलच. आज मात्र आमच्या आहार विभागाच्या आग्रहावरून मी निराळ्याच विषयावर बोलणार आहे : कामाच्या दिवशी घरी शिजवलेले रात्रीचे हलके जेवण. मी वैद्य नाही आणि पाककलेतील जाणकार तर नाहीच. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे सांगेन ते बहुतांशी मोजमापाचेच असेल.

रुग्णाला घरी सोडताना आम्ही डिस्चार्ज कार्डासोबत आहाराचा एक कागद देतो. तेल कमी, मीठ कमी, रात्रीचे जेवण हलके व लवकर, असे त्यावर लिहिलेले असते. मागे एका हृदयरुग्णाच्या वयस्क पत्नीने बिल भरून झाल्यावर तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, यातलं काय खायचं नाही ते कळलं. पण संध्याकाळी सातला मी चुलीवर ठेवू काय, ते यात कुठंय? घरात आम्ही दोघंच." प्रश्न रास्त होता. आमचा कागद निषेधांची यादी होता. त्यात स्वयंपाक नव्हता.

त्याच सुमारास कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर ११८ निघाली आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ६.२. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि एचबीएवनसी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पातळी मानतात. या उंबरठ्यावर गर्दी पुष्कळ आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की, देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या अलीकडच्या टप्प्यावर आहेत. माझ्या पत्नीला रक्तदाब आहेच. आमच्या फिजिशियन साहेबांनी तीन महिन्यांची मुदत दिली आणि सांगितले, रात्रीच्या जेवणापासून सुरुवात करा.

हिशेबनिसाने सुरुवात हिशेबानेच करावी. घरात आम्ही दोघे. मुलगी सासरी, मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला. तरी महिन्याला तीन लिटर तेल येत होते. तीन लिटर म्हणजे सुमारे २,७०० ग्रॅम. दोघांत व तीस दिवसांत वाटले तर माणशी रोज ४५ ग्रॅम, आणि ग्रॅमला ९ कॅलरी या दराने ४०० कॅलरी केवळ तेलातून. आहार विभागाने सांगितलेले प्रमाण याच्या निम्म्याहूनही कमी होते. मी हा तक्ता मांडून दाखवला तेव्हा पत्नी शांतपणे म्हणाली, "तक्ता बरोबर आहे. पण फोडणी तक्त्यात बसत नाही हो."

तिचा खरा आक्षेप तेलाबद्दल नव्हताच. पहिल्या आठवड्यात मुगाचे कढण पानात आले तेव्हा ती म्हणाली, "अहो, हे जेवण आहे की पथ्य? माणूस दिवसभर राबून घरी आला आणि त्याच्यापुढे आजाऱ्याचं वाढायचं?" आपल्याकडे आग्रह करून वाढणे ही माया दाखवण्याची रीत आहे, आणि अर्धी भाकरी वाढताना तीस वर्षे चौघांचे माप घेतलेला हात अवघडतो. आहाराच्या कागदावर या गोष्टीला रकाना नाही. घरोघरी पथ्य मोडते ते मात्र बहुधा येथेच.

मार्ग निघाला तो स्वयंपाक दोघांनी करण्यातून. मी संध्याकाळी भाजी चिरू लागलो, आणि ती तव्याशी असताना ताक घुसळणे माझ्याकडे आले. पूर्वी ती मला वाढून, मागाहून एकटी जेवत असे आणि उरलेले "वाया नको" म्हणून संपवत असे. तिच्या वजनाचा व रक्तदाबाचा एक धागा त्या उरलेल्या भातात होता, असे माझे मत आहे. दोघे एकदम बसू लागलो, अंदाज दोघांचाच घेऊ लागलो आणि उरणे जवळजवळ थांबले. जेवणाची वेळ पावणेदहावरून आठवर आली, ती केवळ चार हात लागल्यामुळे.

आता प्रत्यक्ष पदार्थ. सोमवारी खिचडी. नेहमीच्या खिचडीत दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ असते; आम्ही दोघांसाठी अर्धी वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी सालीची मूगडाळ घेतो, त्यात वाटीभर दुधी किंवा गाजर-फरसबी. फोडणी एक लहान चमचा तुपाची, पण जिरे, मिरे, आले व कढीपत्ता हात न आखडता. तूप कमी केले की मसाल्यात काटकसर करू नये, हा माझ्या पत्नीचा शोध आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. सोबत पापड-लोणच्याऐवजी काकडीची कोशिंबीर. रक्तदाबाच्या माणसाला भाजीतून मीठ जातेच, शिवाय पापड-लोणच्यांतूनही ते नकळत जाते. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट असा एक लहान चमचा, तोही सगळ्या जेवणांत मिळून.

मंगळवारी हिरव्या मुगाची धिरडी. मूग सकाळी कामावर निघताना भिजत घालायचे, संध्याकाळी आले-मिरची घालून वाटायचे, त्यात चिरलेला पालक मिसळायचा. बिडाचा तवा नीट तापला असेल तर तेलाचे दोन थेंब पुसून पुरतात. माणशी दोन धिरडी आणि टोमॅटोचे सार एवढे पोटभर होते.

ज्वारीची आंबील आमच्या घरात नव्याने आली म्हणणे चुकीचे होईल. ती माझ्या आजीच्या घरात होतीच, मधली पिढी तिला विसरली. दोघांना चार मोठे चमचे ज्वारीचे पीठ सकाळीच ताकात कालवून ठेवतो. रात्री तीन वाट्या पाण्याला उकळी आली की ते मिश्रण एका हाताने ओतायचे आणि दुसऱ्या हाताने सतत ढवळायचे, नाहीतर गुठळ्या होतात. ओतणे माझे, ढवळणे तिचे. वरून ठेचलेला लसूण व जिरेपूड. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि ज्वारी-नाचणीची सुबक पाकिटे मॉलमध्ये आली. आमच्या वाण्याकडची सुटी ज्वारी मात्र त्याहून स्वस्त आणि तितकीच चांगली आहे.

इतर दिवशी वरणफळे, पण फळे मोजकी आणि वरण भरपूर. कधी ताकातला पालक व एक भाकरी. दलियाचे सूप एकदा झाले, पुन्हा झाले नाही. शनिवारी-रविवारी मोकळीक. सणावाराला पुरणपोळी होते आणि ती तुपासकट होते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील थाळीच्या चित्रात अर्धे ताट भाज्या-फळांचे आहे आणि उरलेल्या अर्ध्यात धान्य, डाळी वगैरे. आमचे ताट तिथवर अजून पोहोचलेले नाही, तिसऱ्या हिश्शापर्यंत आले आहे.

देणगीदारांना फलित ऐकायची सवय असते, म्हणून तेही सांगतो. तीन महिन्यांनी माझी एचबीएवनसी ५.९ आली, वजन ७८ वरून ७५ किलो झाले. तेल दीड लिटरवर आले. जेवणानंतर आम्ही वीस मिनिटे चालूही लागलो होतो, तेव्हा सगळे श्रेय खिचडीला देणे लेखापरीक्षणात टिकणार नाही. पैसा वाचला का? नाही. तेलातले वाचले ते भाजीत गेले. पत्नीच्या रक्तदाबाची गोळी चालूच आहे आणि ती डॉक्टरांना न विचारता थांबवायची नाही, हे मी येथे मुद्दाम उच्चारतो.

त्याला लागून आणखी एक सूचना. जे इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांनी रात्रीचे जेवण एकाएकी कमी केले तर मध्यरात्री साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना डाळ व पालेभाज्यांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवून द्यावे लागते. रक्त पातळ ठेवणाऱ्या काही गोळ्यांवर पालेभाज्या अचानक वाढवल्याचा परिणाम होतो. आमच्या घरचे ताट आमच्या दोघांच्या तपासण्यांवर बेतलेले आहे. तेच ताट आपल्या घरच्या रुग्णापुढे ठेवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

त्या मातोश्रींच्या प्रश्नानंतर आहाराचा कागद बदलला. आता त्याच्या मागील बाजूस सोमवार ते शुक्रवार, दोन माणसांपुरती, पाच रात्रींची जेवणे मापासह छापलेली आहेत. एका देणगीदार कुटुंबाने दिलेल्या शेगडी व भांड्यांवर आहार विभागात दर शनिवारी दुपारी तीन वाजता ती करून दाखवली जातात. शुल्क नाही. शक्य असेल तर पती-पत्नी दोघांनी यावे, आणि येताना घरातील रोजच्या वापरातली वाटी व तेलाचा चमचा बरोबर आणावा. प्रत्येक घरची वाटी निराळी असते. आमच्या ताई ती मापून त्यावर खूण करून देतात.