पंक्चर काढावं की टायर बदलावा?

(गणेशोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी मंडळात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल अथर्वशीर्ष पठण, उद्या मुलांची नाटिका आणि मध्ये माझा टायर! कार्यक्रमपत्रिका पाहून काहींना हसू आलं असेल. पण मंडळी, आज बाहेर उभ्या असलेल्या बऱ्याच गाड्या दिवाळीत बेंगळुरूहून तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव करत कोल्हापूर-पुण्याकडे निघतील. मागच्या सीटवर आई-वडील, डिकीत फराळाचे डबे, आणि गाडी शंभरच्या वेगात. त्या वेळी एकेक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्याच जागेत टेकलेला असतो. म्हणजे सगळा संसार चार तळहातांवर!

माझी नोकरी टायर तपासण्यात गेली. निवृत्त झालो तरी सोसायटीत प्रश्न ठरलेला, "काका, याचं पंक्चर काढलं तर चालेल ना?" रस्त्याकडेचा कारागीर म्हणतो, "काहीही काढून देतो." दुकानदार म्हणतो, "साहेब, चारही बदला." दोघांचंही पोट त्या सल्ल्यावर असतं. निर्णय आपल्याला करता आला पाहिजे.

त्यासाठी टायर आतून कसा असतो ते थोडक्यात सांगतो. मोटारीचा रेडियल टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. आत पॉलिस्टरचे दोर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेले असतात. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीदार भागाखाली त्यांच्यावर पोलादी तारांचे पट्टेही असतात. बाजूच्या भिंतीत हे पट्टे नसतात, आणि ती भिंत चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सरळ होते. ठिगळ हवा धरून ठेवतं, पण भार पेलतात ते दोर. तुटलेला दोर कोणालाही जोडता येत नाही. म्हणून 'हवा टिकते का?' एवढं विचारून भागत नाही, 'दोर शाबूत आहेत का?' हेही विचारावं लागतं. त्यासाठी चार गोष्टी पाहायच्या.

१) जखम कुठे आहे? खिळा नक्षीच्या मधल्या भागात असेल तर दुरुस्ती होते. बाजूच्या भिंतीत किंवा खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि भिंत मिळतात तिथे असेल, तर टायर बदलायचा.

२) केवढी आहे? भोक ६ मिलिमीटरपर्यंत चालतं, म्हणजे साध्या पेन्सिलीच्या जाडीपेक्षा थोडं कमीच. त्याहून मोठं भोक किंवा लांब चीर असेल तर दुरुस्ती नको. आधीच्या ठिगळाला लागून दुसरं ठिगळही नको.

३) हवा गेल्यावर गाडी किती चालवली? बसलेल्या टायरवर 'पुढच्या पंपापर्यंत' गाडी नेली की भिंत रिम आणि रस्ता यांच्यात चेपते. बाहेरून काही दिसत नाही. टायर उतरवला की आत रबराचा काळा भुगा आणि वळ्या दिसतात. तो टायर गेला, मग खिळा कितीही बारीक असो.

४) मुळात टायर किती उरला आहे? नक्षीच्या खाचांत छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की खोली १.६ मिलिमीटर उरली असं समजा. अशा टायरवर पंक्चरचा खर्च कशाला? वयही पाहा. डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर वापरू नये, असा सर्वसाधारण सल्ला आहे. काही मोटार कंपन्या सहा वर्षांनीच बदला म्हणतात.

या चारही कसोट्यांवर टायर उतरला, तर दुकानदाराच्या धाकाने नवा घेऊ नका. काहीशे रुपयांत चांगलं काम होतं, फक्त ते नीट करून घ्या. बाहेरून सुई घालून पट्टी कोंबणं ही वाटेतली सोय आहे. त्यात टायर आतून कोणी पाहिलेला नसतो, आणि पट्टीच्या कडेने पाणी शिरलं तर पोलादी तारा गंजतात. घरी पोचलात की टायर रिमवरून उतरवून आतून तपासून घ्या आणि मशरूम पॅच लावून घ्या. त्याचा दांडा भोक बुजवतो आणि टोपी आतून हवा अडवते.

आता फुग्याविषयी. खड्ड्यात चाक आपटलं की कधी कधी बाजूच्या भिंतीवर टेंगूळ येतं. गेल्या दिवाळीच्या तोंडावर एक जुने सहकारी असाच टायर घेऊन आले. म्हणाले, "सर, हवा एक पौंडही कमी झालेली नाही. मुलीची कॉलेजची फी नुकतीच भरली आहे. हुबळीला जाऊन येतो, मग बदलतो." त्यांची अडचण खरी होती. मी एवढंच विचारलं, "गाडीत कोण कोण असणार?" ते काही बोलले नाहीत. टायर उतरवला, आतून बोट फिरवलं, तर तुटलेल्या दोरांची खोबण हाताला लागली. बाहेरच्या रबराच्या पातळ थरावर सगळं तग धरून होतं. त्यांनी तो एकच टायर बदलला, बाकीचे तीन चांगले होते. फुगा आलेला टायर स्टेपनी म्हणूनही ठेवू नये.

शक्यतो एका आसावरचे दोन्ही टायर सारखे असावेत. दोन नवे घेतले तर ते मागे लावा, गाडीचं इंजिन पुढची चाकं फिरवत असलं तरीही. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली की गाडी गरकन फिरते, आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही.

स्टेपनीची हवा आणि वय दोन्ही तपासा. आणि नवी गाडी घेताना स्टेपनी आहे का, हे विचारून घ्या. २०२० साली नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती संच असेल तर आता मोटारीला स्टेपनी सक्तीची नाही. पण त्या संचाने फाटलेली भिंत सांधता येत नाही.

शेवटी एक विनंती. निघण्याच्या आदल्या दिवशी, टायर थंड असताना हवा भरा. किती भरायची ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते. मग दहा मिनिटं काढून चारही टायरच्या भिंतींवरून, आतल्या बाजूनेही, हात फिरवा. मुलांना सोबत घ्या, त्यांना मजा वाटेल आणि शिकतीलही.

बाप्पा विघ्नहर्ता आहेच, पण टायरवरून हात आपणच फिरवायचा आहे. सगळे सुखरूप जा, सुखरूप परत या, आणि पुढच्या वर्षी याच मांडवात भेटू.

गणपती बाप्पा मोरया!