आजीजवळचं लेकरू

बचत गटाच्या बैठकीत आम्हाला हे नेहमी विचारतात: आई वारली, बाप ऊसतोडीला, लेकरू आजीजवळ. घालायचं का त्याला बालगृहात? आम्ही म्हणतो, घाई नको. आजी सांभाळतेय ना, मग तिच्याच हाताला बळ द्या. बालसंगोपन योजना त्यासाठीच आहे. महिन्याला २२५० रुपये, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. दोघंही गेलेले असावेत असं नाही. एक पालक नसला तरी अर्ज चालतो. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. मृत्यूचा दाखला आधी काढून ठेवा, बहुतेकींचं तिथंच अडतं.

टाकून दिलेलं बाळ सापडलं, तर मात्र ‘देऊ मूल नसलेल्या घरी’ असं परस्पर ठरवायचं नाही. तो गुन्हा आहे. २४ तासांत १०९८ ला नाहीतर पोलिसांना कळवायचं. घरातलंच कुणी मुलाच्या अंगचटीला येतंय असं कळलं, तरी हाच नंबर. पैसे पडत नाहीत, सांगणारीचं नाव गुप्त राहतं. कळूनही गप्प बसणं हासुद्धा कायद्यानं गुन्हाच. त्या माणसाला आधी जाब विचारायला जाऊ नका. तो पोराला धमकावून गप्प करतो.