तांब्याभर पाण्याचा हिशेब
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस ‘समाजाची प्रगती’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. विषय थोर आहे. परंतु त्यावर बोलावयास आमच्याहून अधिकारी मंडळी या व्यासपीठावर बसली आहेत. त्यांची क्षमा मागून आम्ही एका भेटीची हकीकत तेवढी सांगणार आहोत.

गेल्या भाद्रपदात संस्थेच्या साहाय्य निधीतील काही रक्कम एका निवृत्त शिक्षकांस पोचती करण्याचे काम आमच्याकडे आले. त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून सहा वर्षे ते डायालिसिसवर आहेत. सभेतील निम्मी मंडळी त्यांच्या हाताखालून गेलेली असल्याने नाव घेण्याचे कारण नाही. आपण त्यांस गुरुजी म्हणू.

खरे सांगावयाचे तर आम्ही जाण्यास कचरत होतो. सांत्वनाची दोनचार वाक्ये वाटेत जुळवून ठेविली होती. गुरुजींचा निरोप असा की, “घरी आलात तर मंडळी तुमच्या सरबराईत गुंततील. रुग्णालयात या, तेथे मी चार तास एका जागी बांधलेला असतो.”

आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या डाव्या हातात दोन सुया होत्या. एका नळीने रक्त यंत्राकडे जात होते, दुसरीने शुद्ध होऊन परतत होते. उजव्या हातात पेन्सिल होती, आणि शेजारच्या खाटेवरील विशीतील एका मुलास ते चक्रवाढ व्याज समजावीत होते. तो तलाठ्याच्या परीक्षेस बसणार होता; त्याच्याही हातात सुया होत्याच. आमचे जुळवलेले पहिले वाक्य तोंडातून निघण्यापूर्वी गुरुजींनी विचारले, “तुमचा रक्तदाब किती?”

आम्हांस ठाऊक नव्हता.

“विजेचे बिल किती आले ते ठाऊक असेल,” ते हसून म्हणाले.

मग त्यांनी यंत्राची वंशावळ सांगितली. १९४३ साली जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टराने सेलोफेनच्या नळ्या फिरत्या पिंपावर गुंडाळून असले यंत्र उभे केले. तथापि एकाच रुग्णास ते वर्षानुवर्षे पुन:पुन्हा जोडता यावे ही सोय सिॲटलच्या स्क्रिब्नर यांनी १९६० साली केली. “मी १९५९ चा,” गुरुजी म्हणाले. “मी पाळण्यात असतानाच ही मंडळी माझ्या तयारीला लागली होती!”

त्यांच्या पाण्याची गोष्ट मात्र आमच्या मनातून जात नाही. लघवी जवळजवळ बंद झालेल्या माणसाने प्यालेले पाणी अंगातच साठते, म्हणून त्यांस दिवसाला पाऊण लिटर पाणी नेमून दिले आहे. रोज सकाळी त्यांच्या पत्नी तेवढे पाणी मोजून तांब्यात ओततात. चहा त्यातला, आमटीचे पाणी त्यातले, गोळ्या घेण्याचा घोटही त्यातला. “सायंकाळी तळाशी जे उरते ते मी सावकाश पितो,” ते म्हणाले. “पाण्याला चव असते, हे मला साठाव्या वर्षी कळले.” चहा निवला म्हणून घर डोक्यावर घेणारे आम्ही, आम्ही काय बोलणार?

ही प्रसन्नता जन्मजात आहे, असा आमचा समज झाला होता. गुरुजींनी तो तेथेच खोडून काढला. पहिले वर्ष ते भिंतीकडे तोंड करून निजत. मुलीचे लग्न ठरावयाचे होते, म्हणून नातलगांस ‘गुडघे दुखतात’ असे सांगण्यात येई. अखेर मुलीनेच पाहुण्यांसमोर खरे ते सांगून टाकले. ते स्थळ गेले. “त्या रात्री मी सहा महिन्यांत प्रथमच गाढ झोपलो,” गुरुजी म्हणाले. पुढे पत्नी आपले मूत्रपिंड देण्यास सिद्ध झाल्या, तो तपासणीत त्यांनाच मधुमेह निघाला. दान राहिले, पण रोग वेळीच सापडला. मधुमेह आणि रक्तदाब हीच मूत्रपिंडे बिघडण्याची दोन मुख्य कारणे, आणि बहुतेक नुकसान होईपर्यंत माणसास काही जाणवत नाही, हे सांगताना त्यांचा स्वर प्रथमच कठोर झाला.

बंधूंनो, आमच्या थोरल्या बंधूंचा रक्तदाब घरात सर्वांस ठाऊक होता आणि सर्वांनी मिळून तो झाकला. कारण तेच, घरातल्या सोयरिकी. ते याच विकाराने गेले. हे आम्ही चारचौघांत आज प्रथमच बोलत आहोत.

पाकीट गुरुजींनी संकोच न करता घेतले आणि उजव्या हाताने पावती लिहून दिली. उपचार सरकारी योजनेतून होतात. पण जाण्यायेण्याचा आणि इतर औषधांचा खर्च उरतोच. परतताना आम्ही तळमजल्यावर रक्तदाब मोजून घेतला. परिचारिकेने दोनदा मोजला: १७० आणि १०४. तेव्हापासून आमची गोळी चालू आहे.

गुरुजींचे मागणे एवढेच होते की, संमेलनाच्या दाराशी तपासणीचे एक टेबल मांडावे. कार्यकारिणीत त्यावर दोन बैठका झाल्या. मंगल प्रसंगी लघवीच्या बाटल्या शोभणार नाहीत, असे एका ज्येष्ठांचे मत पडले. म्हणून येथे रक्तदाब व साखर मोजतात. लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन यांसाठी चिठ्ठी देतात.

आज गुरुजींची पाळी असल्याने ते आलेले नाहीत. सकाळी त्यांचा निरोप आला: “किती झाले, तो आकडा दुपारी कळवा.” आम्ही बोलावयास उभे राहिलो तेव्हा वहीत ४१ नावे होती. पंगत बसावयास अजून पाऊण तास आहे, आणि टेबल मंडपाच्या डाव्या दाराशी आहे.