जत्रेची गाडी आणि तिचा विमा



सुगी संपली. हातात चार पैसे आले. आता चैत्रात जोतिबाची यात्रा, पुढे आषाढीला पंढरपूर. पूर्वी आपण बैलगाड्या जुंपत होतो. आता गावात जीपगाड्या आल्या आहेत. गाडी घेताना आपण रंग बघतो, टायर बघतो, नारळ फोडतो. विम्याचा कागद मात्र तसाच पेटीत जातो. आज त्या कागदाविषयी बोलू.

विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेस २००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर ४०००. कैदही होऊ शकते. म्हणून पुष्कळ जण सर्वांत स्वस्त विमा घेतात आणि मोकळे होतात.

त्या स्वस्त विम्याला 'थर्ड पार्टी' म्हणतात. म्हणजे तिऱ्हाइताचा विमा. तुमच्या गाडीने रस्त्यावरच्या माणसाला धक्का दिला, तो जखमी झाला किंवा दगावला, तर त्याची भरपाई कंपनी देते. पण तुमची गाडी मोडली, जळली, चोरीला गेली, तर एक पैसा मिळत नाही. आणि गाडीत बसलेल्यांचे काय? तुमची बहीण, मेहुणा, शेजारचे आजोबा? या विम्यात ती माणसे धरलेली आहेत असे समजू नका. हे फार थोड्यांना ठाऊक असते.

दुसरा तो 'फुल इन्शुरन्स'. त्यात तिऱ्हाईतही आला आणि तुमची गाडीही आली. हप्ता जास्त पडतो. गाडीत बसणाऱ्यांसाठी जादा पैसे भरून अपघात विमा घेता येतो. तो घ्या. चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचा अपघात विमा वेगळा असतो. मात्र त्याच्याजवळ चालू लायसन हवे. गाडी फार जुनी असेल तर फुल इन्शुरन्स परवडत नाही, हे मला पटते. पण मग त्या गाडीत दहा माणसे कोंबून घाट चढू नका.

आता एक आकडा बघा. पॉलिसीवर गाडीची किंमत लिहिलेली असते. दरसाल ती उतरते. आठ लाखांच्या गाडीला तीन वर्षे उलटली, चौथे चालू आहे, तर ४० टक्के वजा होतात. उरले ४ लाख ८० हजार. गाडी चोरीला गेली तर याच आकड्यावर हिशेब होतो. कोणी म्हणेल, "किंमत कमी लिहू, हप्ता कमी बसेल." हप्ता कमी बसेल खरा, पण भरपाईही कमीच मिळेल.

पॉलिसी बहुधा इंग्रजीत असते. लाजू नका. एजंटाला मराठीत सांगायला लावा, आणि काय काय धरले आहे ते त्याच्याच हाताने लिहून घ्या. एजंट वाईट असतो असे नाही, त्याला घाई असते.

परवा एकाने विचारले, "गुरुजी, जत्रेला माणशी शंभर रुपये घेऊन माणसे नेली तर?" पांढऱ्या पाटीची गाडी घरच्या वापराची. तिचा विमाही तसाच. माणशी दर ठरला की ते भाडे झाले. मग कंपनी भरपाई नाकारू शकते. भाडे करायचे तर पिवळी पाटी, परवाना आणि तसाच विमा हवा.

"आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वऱ्हाड नेले तर?"

ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी आणि ट्रॉली माल वाहण्यासाठी. ट्रॉलीची नोंदही पॉलिसीत हवी. तीत माणसे बसवली आणि ती उलटली, तर भरपाई मालकाच्या डोक्यावर बसते. कधी न्यायालय कंपनीला आधी पैसे द्यायला लावते. पण पुढे कंपनी ते मालकाकडून वसूल करते. लाखांची रक्कम असते, मंडळी. एकर-दोन एकर विकूनही ती फिटत नाही. वऱ्हाडाला एसटी ठरवा. गाडी मागायची ती चार दिवस आधी मागा.