तर्कांची पारख

सन १९९८ च्या २ जून रोजी दिल्लीतील इंटेलिजन्स ब्यूरोच्या संचालकांनी एक टिपण रवाना केले. कारगिलसमोर नियंत्रणरेषेपलीकडे हालचाली वाढल्या आहेत, घुसखोरीचा संभव आहे, असा त्याचा आशय होता. ते पंतप्रधान, गृहमंत्री, मंत्रिमंडळ सचिव, गृहसचिव आणि लष्करी कारवाईंचे महासंचालक यांच्याकडे गेले. परंतु परदेशातील वार्ता मिळविणारी ‘रॉ’, सर्व वार्तांचे मूल्यमापन करणारी संयुक्त गुप्तवार्ता समिती आणि लष्करी गुप्तवार्तेचे महासंचालक, म्हणजे ज्यांनी त्या वार्तेचा माग काढावयाचा, त्यांच्या नावे मात्र ते नव्हते. पुढील वर्षीच्या मे महिन्यात काय घडले हे सर्वश्रुत आहे.

के. सुब्रह्मण्यम् यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल पुनर्विलोकन समितीने हा सारा वृत्तांत नोंदवून ठेवला. त्यातील दुसरी एक नोंद अधिक विचार करावयास लावणारी आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये ‘रॉ’ने मर्यादित पण वेगवान आक्रमणाचा धोका बोलून दाखविला होता, पुढच्या सहामाही अहवालात तो धागा सुटला. तो का सोडला गेला, कोणत्या पुराव्याने तो तर्क खोटा ठरला, याचा मागमूस नाही. तर्क खोडला गेला नाही. नुसता विसरला गेला.

या विसरण्यावर उपाय म्हणून अमेरिकेत रिचर्ड्स ह्युअर या गुप्तवार्ता अधिकाऱ्याने एक पद्धत सांगितली आणि पालो आल्टो येथील संशोधन केंद्राने तिच्यासाठी संगणकाची प्रणाली बनविली. कल्पना साधी आहे. एका तक्त्यात आडवे सर्व संभाव्य तर्क मांडावयाचे, उभे सर्व पुरावे. प्रत्येक पुरावा कोणत्या तर्काच्या विरुद्ध जातो, एवढेच पाहावयाचे. जो पुरावा सर्वच तर्कांशी जुळतो तो कितीही ठळक असला तरी निरुपयोगी. सर्वांत अधिक पुरावे ज्याच्या बाजूला तो तर्क श्रेष्ठ नव्हे. ज्याच्या विरुद्ध सर्वांत कमी, तो टिकाऊ. आपल्या नैयायिकांना यात नवल वाटले नसते. पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून सिद्धान्ताला त्यांच्या सभेत प्रवेशच नव्हता.

१९९८ चाच तक्ता मांडून पाहावा. एक तर्क, नेहमीप्रमाणे दहशतवाद्यांची घुसखोरी. दुसरा, सैन्याचेच मर्यादित अतिक्रमण. तिसरा, नेहमीचीच ठाण्यांची फेरमांडणी. पलीकडे वर्दळ वाढली, ही वार्ता तिन्ही तर्कांशी जुळते. म्हणून ती काहीच ठरवीत नाही. नव्या पलटणी आल्या काय आणि त्या कोणत्या, हा प्रश्न मात्र निर्णायक. नेमकी हीच माहिती उपलब्ध नव्हती, असे समितीने म्हटले आहे. मागाहून शहाणपण सोपे असते, हे खरे. तथापि तक्त्यातील रिकामा रकाना त्याच वेळी डोळ्यांत भरला असता.

सामायिक प्रणालीत हाच तक्ता अनेक कार्यालयांतील विश्लेषक आपापल्या ठिकाणी भरतात आणि मग ताडून पाहतात. जेथे मते जुळतात तेथे वेळ दवडावयाचा नाही. जेथे फाटतात तेथेच चर्चा करावयाची. एकमेकांचे गुण पाहण्यापूर्वी आपले गुण द्यावयाचे, हा नियम सरकारी कचेरीत विशेष मोलाचा. वरिष्ठांच्या टिपणीखाली ‘सहमत’ लिहिण्याची सवय ज्याला आहे, त्याचे खरे मत फाईलवर उमटतच नाही.

दिल्लीत दळणवळण पुष्कळ सुधारले. २००१ मध्ये मल्टी एजन्सी सेंटर स्थापन झाले, मुंबईवरील हल्ल्यानंतर ३१ डिसेंबर २००८ च्या आदेशाने ते बळकट झाले, मे २०२५ मध्ये त्याच्या नव्या स्वरूपाचे उद्घाटन नॉर्थ ब्लॉकमध्ये झाले. निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र पाहता याव्यात म्हणून नॅटग्रिड उभारण्यात आली. मात्र नोंदी जोडणे निराळे आणि तर्क जोडणे निराळे. टपाल योग्य हाती पडले, की ते वाचून शंका घेणाऱ्याची गरज सुरू होते.

अधिक जणांना दाखवावे तर फुटण्याचे भय वाढते. २०१० मध्ये अमेरिकेचा गोपनीय पत्रव्यवहार एका कनिष्ठ सैनिकाच्या हातून जगापुढे आला, तेव्हा हे सिद्ध झालेच. त्यावर एक तोड आहे: वार्तेचा उगम झाकून ठेवावा, तर्क मात्र उघडा ठेवावा. वार्ता देणारा माणूस कोण, हे तक्त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. कोणता तर्क कोणत्या दिवशी, कशामुळे आणि कोणी वगळला, एवढी नोंद त्यात राहिली म्हणजे सहा महिन्यांनी त्या खुर्चीवर येणाऱ्या नव्या अधिकाऱ्याला तो पुन्हा उचलून पाहता येतो.