जोडणे सोपे, सोडवणे कठीण

ढोकी हे गाव तेरणा साखर कारखान्यामुळे परिचित आहे. जुन्या पिढीला मात्र ते बार्शी लाइट रेल्वेचे स्थानक म्हणूनही आठवते. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झालेली ही अडीच फुटी रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. कुर्डुवाडीस मिळणारा मुंबईचा लोहमार्ग मात्र साडेपाच फुटांचा. त्यामुळे इकडील माल तेथे उतरवून, मोजून, नोंद करून मोठ्या डब्यांत भरावा लागे. माल उतरण्यापूर्वीच छोटी गाडी हलली, तर काय होईल हे सांगावयास नको. २००८ पर्यंत हा मार्ग रुंद झाला आणि ती अडचण संपली. परंतु लहान गाडी आणि मोठा मार्ग यांच्या भेटीचा तोच प्रश्न आज कचेरीतील टेबलावर येऊन उभा राहिला आहे.

ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, यांच्या हाती ई-फेरफारच्या निमित्ताने लॅपटॉप आला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. शाळा व ग्रामपंचायती यांचेही बरेचसे दप्तर संगणकात गेले आहे. लॅपटॉप फिरतीवर सोयीचा. पण टेबलाशी बसून काम करताना मोठा पडदा, कळफलक, छपाईयंत्र, जाळ्याची तार आणि स्वाक्षरीचे टोकन हे सारे लागते. रोज पाच तारा लावणे व काढणे टाळण्यासाठी जे साधन वापरतात, त्यास डॉकिंग स्टेशन किंवा नुसते डॉक म्हणतात. जहाज गोदीत लागते, तसा लॅपटॉप डॉकला लागतो.

जोडणीची व्यवस्था

डॉक हे केवळ तारांचे खोके नव्हे. ते जोडले जाताच संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, हिला स्टेशनमास्तराची भूमिका घ्यावी लागते. कोणती उपकरणे आली, त्यांना चालविणारी आज्ञावली कोणती, चित्र कोणत्या पडद्यावर दाखवावयाचे, आवाज कोठून काढावयाचा, हे सारे तिला काही क्षणांत ठरवावे लागते. १९९२ मध्ये ॲपल कंपनीने काढलेले ड्युओ डॉक छोट्या संगणकास व्हिडिओ कॅसेटप्रमाणे आत ओढून घेत असे. १९९५ च्या विंडोज ९५ मध्ये डॉकला जोडलेला संगणक व सुटा संगणक यांच्या मांडणीची वेगवेगळी नोंद ठेवण्याची सोय आली. १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय ही नियमावली प्रसिद्ध केली. डॉक जोडल्याची वर्दी यंत्राने कार्यप्रणालीस कशी द्यावी आणि निरोप कसा घ्यावा, याची पद्धत तीत घालून दिली आहे.

निरोपाची शिस्त

खरी कसोटी निरोपाच्या वेळी लागते. पेन ड्राइव्ह वा बाहेरील डिस्क यांवर लिहावयाचा मजकूर कार्यप्रणाली वेग वाढविण्यासाठी अनेकदा क्षणभर तात्पुरत्या स्मृतीत थांबवून ठेवते. पडद्यावर काम पूर्ण दिसते. प्रत्यक्षात शेवटची पाने डिस्कवर उतरलेली नसतात. त्या क्षणी जोडणी तुटली, तर फाइल अर्धवट राहते.

यास्तव चांगल्या रचनेत निरोपाच्या दोन पायऱ्या ठेवल्या आहेत. वापरणाराने सोडवण्याची कळ दाबताच कार्यप्रणाली प्रत्येक उपकरणाच्या आज्ञावलीस विचारते, ‘निघण्यास हरकत आहे काय?’ एकानेही हरकत घेतली, तर निरोप थांबतो. सर्वांची संमती मिळाल्यावर शिल्लक मजकूर लिहिला जातो, उपकरणे बंद होतात आणि मगच डॉकची कडी सुटते.

परंतु माणूस नेहमी थांबत नाही. २०१४ मध्ये यूएसबी टाइप-सी ही जोडणी आली. वीज, चित्र व माहिती एकाच तारेतून वाहू लागली, आणि कडी नाहीशी झाली. तार केव्हाही ओढता येते. म्हणून न विचारता झालेल्या निरोपाचीही तयारी कार्यप्रणालीने ठेवली पाहिजे. मोठ्या पडद्यावरील खिडक्या लहान पडद्यावर परत आल्या पाहिजेत. पुन्हा जोडल्यावर त्या मूळ जागी गेल्या पाहिजेत. ही आठवण ठेवण्याची सोय विंडोजमध्ये २०२१ साली, अकराव्या आवृत्तीत आली. झाकणाचा प्रश्न तर अधिकच बारीक आहे. डॉकला जोडून मोठ्या पडद्यावर काम चालू असताना झाकण मिटले, तर संगणकाने झोपू नये; मात्र झाकण मिटलेलेच असताना तार काढली, तर त्याने झोपलेच पाहिजे. अन्यथा तो पिशवीत चालू राहून तापतो व त्याची बॅटरीही संपते.

ओळख पटविण्याचा प्रश्न

डॉकमध्ये जाळ्याचे स्वतंत्र उपकरण असते व त्यास स्वतःचा ओळख क्रमांक असतो. ज्या कचेरीत क्रमांक पाहून प्रवेश दिला जातो, तेथे लॅपटॉपऐवजी डॉकचीच नोंद होऊ शकते; म्हणून काही यंत्रांत लॅपटॉपचा क्रमांक पुढे पाठविण्याची योजना असते. थंडरबोल्ट जातीच्या जोडणीत बाहेरील उपकरणास संगणकाच्या स्मृतीत थेट जाता येते. तेव्हा अनोळखी उपकरणास मालकाच्या मान्यतेवाचून प्रवेश न देणे आणि मान्यता दिल्यावरही त्याची मर्यादा आखून देणे, हे कार्यप्रणालीचे कर्तव्य ठरते.

यावरून खरेदी करणाऱ्या संस्थेने काय पाहावे हे स्पष्ट होते. डॉकला किती छिद्रे आहेत, एवढेच पाहून भागत नाही. आपल्या कार्यप्रणालीशी ते जुळते काय, लॅपटॉपला पुरेल इतकी वीज देते काय, दहा वेळा जोडून व सोडवून पडदा, छपाईयंत्र व टोकन जागेवर येतात काय, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. वापरणारानेही तार काढण्यापूर्वी बाहेरील डिस्क सुरक्षितपणे सोडवण्याची आज्ञा द्यावी.

कुर्डुवाडीस माल मोजून उतरल्याशिवाय गाडी सोडली जात नसे. शेतकऱ्याच्या फेरफाराची वा विद्यार्थ्याच्या गुणांची नोंद ही त्या मालाहून कमी मोलाची नाही. यंत्र रचणाराने घाईत असलेल्या माणसाचा विचार करावा आणि माणसाने निघण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ही दुहेरी काळजी घेतली, तरच दप्तर सुरक्षित राहील.